मुलींची सुंता : शास्त्राधार, वैद्यक आणि 'नुकसान कुठे आहे?' हा प्रश्न

आजचा विषय ठरला तेव्हा आयोजकांपैकी एकांनी सुचवले की शीर्षकात थोडा सौम्य शब्द घालू या. आम्ही नको म्हटले. या विषयात सौम्य शब्दांनी आधीच पुष्कळ काम करून ठेवले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आम्ही फिकहचे, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे पंडित नाही आणि डॉक्टरही नाही. आमचे शिक्षण तत्त्वज्ञानाचे. त्यामुळे इथे आमचे काम एवढेच की दोन्ही बाजू जे युक्तिवाद करतात ते नीट पायावर उभे आहेत की नाहीत, हे पाहणे. आणि पाहिल्यावर आम्हाला असे वाटू लागले आहे की ज्या युक्तिवादावर आपण सुधारणावादी मंडळी सगळ्यात जास्त भर देतो, तोच सगळ्यात कच्चा आहे.

आधी वस्तुस्थिती. जागतिक आरोग्य संघटनेने या प्रथेचे चार प्रकार केले आहेत. पहिल्यात शिश्निका किंवा तिच्यावरची त्वचेची घडी अंशतः वा पूर्ण कापली जाते. दुसऱ्यात त्याबरोबर योनीचे आतले ओठही कापतात. तिसऱ्यात योनिमुख कापून-शिवून अरुंद करतात. सोमालिया, सुदान या भागांत हा प्रकार मोठ्या प्रमाणावर आहे आणि तो सगळ्यात भयंकर. चौथ्यात टोचणे, चिरणे, खरवडणे, डागणे असे बाकीचे सगळे येते. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार आज हयात असलेल्या २३ कोटींहून अधिक मुली आणि स्त्रिया यांतून गेलेल्या आहेत. यात सगळ्या मुसलमान आहेत असे समजू नका. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिश्चन, इथिओपिया-इरिट्रियातले ख्रिश्चन यांच्यातही ही प्रथा आहे. उलट मुसलमानांची प्रचंड लोकसंख्या असलेल्या कितीतरी प्रदेशांत ती ऐकूनही माहीत नाही. म्हणजे प्रथा धर्माच्या नकाशाबरोबर चालत नाही, भूगोलाच्या आणि नातेसंबंधांच्या नकाशाबरोबर चालते. पण जिथे ती मुसलमान समाजात आहे, तिथे तिला शास्त्राचा आधार सांगितला जातो. तो आधार काय आहे ते बघू.

कुराणात मुलींच्या सुंतेचा उल्लेख नाही. हे कोणी नाकारत नाही. मग उरतात हदीस. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. मदिनेत मुलींची सुंता करणारी एक बाई होती, तिला पैगंबरांनी फार खोल कापू नकोस असे सांगितले, असा त्याचा आशय. आता गंमत अशी की हा हदीस नोंदवून अबू दाऊद स्वतःच खाली लिहून ठेवतात की हा दुर्बळ आहे, कारण सांगणाऱ्यांच्या साखळीतला एक माणूस अज्ञात आहे. दुसरा हदीस सुंता पुरुषांसाठी सुन्नत आणि स्त्रियांसाठी 'मकरुमा', म्हणजे भूषणावह आहे असे सांगणारा. त्याचीही साखळी कमजोर मानली जाते. बुखारी आणि मुस्लिम या सर्वमान्य संग्रहांत शरीराच्या नैसर्गिक स्वच्छतेच्या पाच गोष्टींची यादी आहे, तीत सुंता आहे. पण त्याच यादीत मिशा कातरणेही आहे! तेव्हा ती यादी कोणाला उद्देशून आहे हे सांगायला मोठ्या पंडिताची गरज नाही.

आणखी एक हदीस आहे, तो मात्र सबळ आहे. दोन सुंता झालेले अवयव भेटले की स्नान आवश्यक होते, असा त्याचा आशय. यावरून काही जण म्हणतात, बघा, दोघांचीही सुंता गृहीत धरली आहे. यावर इजिप्तमधल्या विद्वानांनी व्याकरणाचे उत्तर दिले. अरबीत द्विवचनात जोडीतल्या एकाचे नाव दोघांना देतात. सूर्य आणि चंद्र यांना मिळून 'दोन चंद्र' म्हणतात. आमच्या पिढीतल्या ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले होते त्यांना हे लगेच कळेल. 'पितरौ' म्हटले की दोन बाप नव्हेत, आईबाप. आणि अर्थ शब्दशः घेतला तरी तो हदीस स्नानाबद्दल नियम सांगतो, सुंतेबद्दल नाही. एखादी गोष्ट समाजात होती एवढे त्यातून फार तर कळते. ती करावी, हे कळत नाही.

या सामग्रीवर चार सुन्नी पंथांनी आपापले निर्णय दिले. हनफी आणि मालिकी पंथांत स्त्रियांसाठी ती बंधनकारक नाही, भूषणावह किंवा इष्ट आहे. हनबली पंथात दोन मते आहेत. शाफई पंथात मात्र प्रमुख मत असे की पुरुष आणि स्त्री दोघांनाही ती वाजिब, म्हणजे बंधनकारक आहे. आपल्या कोकणातले मुसलमान शाफई आहेत, हे इथे अनेकांना ठाऊक असेल. पण आपण कोकणी मुसलमान समाजाला या प्रथेमुळे ओळखत नाही. ग्रंथात 'वाजिब' लिहिले म्हणून ती घराघरात असेल, असे होत नाही.

शाफई पंथाचा एक युक्तिवाद आम्हाला विशेष वाटतो. इब्न सुरैज नावाचे मोठे शाफई विद्वान होऊन गेले, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला वारले. त्यांनी मांडले ते असे : लज्जास्थान झाकणे हे बंधन आहे. सुंतेसाठी ते उघडे करावे लागते. एक बंधन मोडायचे तर त्याला तितकेच मोठे बंधन हवे. सुंतेसाठी ते मोडायला परवानगी आहे, त्या अर्थी सुंता बंधनकारकच असली पाहिजे. तर्क म्हणून पाहिला तर मोठा सुरेख आहे. आणि सुरेख तर्काचे एक असते, तो उलटाही फिरवता येतो. मुलीची सुंता बंधनकारक असल्याचा सबळ पुरावा नसेल, तर याच तर्काने तिचे लज्जास्थान उघडे करणे आणि तिथे पाते लावणे निषिद्ध ठरते. म्हणजे सिद्ध करण्याचा भार कापणाऱ्यावर येतो. या मुद्द्याकडे आम्ही परत येऊ, कारण आमचे सगळे म्हणणे याच्यावर उभे आहे.

आता इजिप्त. या वादाची प्रयोगशाळा म्हणावी असा देश. १९९४ मध्ये कैरोत संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्या परिषद भरली होती. त्याच वेळी एका अमेरिकी वाहिनीने कैरोतल्या एका मुलीच्या सुंतेचे चित्रण जगभर दाखवले. सरकारची नाचक्की झाली. मग आरोग्यमंत्र्यांनी काय केले? न्हाव्याकडे होण्यापेक्षा सरकारी रुग्णालयात होऊ दे, असा आदेश काढला. दोन वर्षांनी नव्या मंत्र्यांनी बंदी घातली, ती न्यायालयात रद्द झाली, आणि डिसेंबर १९९७ मध्ये वरच्या न्यायालयाने पुन्हा कायम केली.

या काळात दोन मोठे धर्मपंडित आमनेसामने होते. अल-अझहरचे प्रमुख शेख गाद अल-हक प्रथेच्या बाजूने; मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी विरोधात. तंतावींनी सांगितले की एकही सबळ हदीस नाही, तेव्हा या बाबतीत डॉक्टरांचे ऐकावे. आपल्या कानाला हे गोड लागते. गाद अल-हक यांनी त्याच्याही आधी, १९८१ च्या फतव्यात, भूमिका घेतली होती की डॉक्टरांची मते बदलत असतात, आणि बदलत्या मतांसाठी पैगंबरांची शिकवण सोडता येणार नाही.

आता इथे थोडे थांबू या. गाद अल-हक यांचा निष्कर्ष आम्हाला मुळीच मान्य नाही. पण डॉक्टरांविषयी ते जे म्हणाले ते खरे होते, आणि पुढच्या वीस वर्षांत इजिप्तनेच ते खरे करून दाखवले. 'डॉक्टर म्हणतात नुकसान होते, म्हणून करू नका' असे सांगितल्यावर लोकांनी काय ऐकले? नुकसान होऊ नये म्हणून डॉक्टरांकडे जा, असे ऐकले. २०१४ च्या पाहणीत विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ९२ टक्के सुंता झालेल्या निघाल्या. पण त्यांच्या मुलींकडे पाहिले तर ज्यांची सुंता झाली त्यांतल्या चारातल्या तिघींपेक्षा जास्त जणींची डॉक्टर किंवा परिचारिकेने केली होती. दाई आणि न्हावी मागे पडले, पांढरा कोट पुढे आला. २००७ मध्ये मिन्या प्रांतात एक शाळकरी मुलगी मेली, ती खासगी दवाखान्यात, भूल देताना. त्यानंतर मुफ्ती अली गोमा यांनी प्रथा निषिद्ध ठरवली, २००८ मध्ये फौजदारी कायदा आला. २०१३ मध्ये आणखी एक तेरा वर्षांची मुलगी मेली, तीही डॉक्टरच्याच हाताखाली. त्या डॉक्टरला २०१५ मध्ये शिक्षा झाली. त्या देशातली ही पहिली.

हा दोष डॉक्टरांच्या लोभाचा आहेच. पण युक्तिवादाचाही आहे. तुम्ही एखाद्या कृत्याला फक्त त्याच्या नुकसानीवरून विरोध केलात, तर ज्या दिवशी कोणी ते नुकसान कमी करून देईल त्या दिवशी तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही.

हे आम्हाला पुस्तकातून कळले असे नाही. आम्ही कॉलेजात बरीच वर्षे नीतिशास्त्र शिकवले. मिलचा 'ऑन लिबर्टी', १८५९ चा, आमचा आवडता. दुसऱ्याचे नुकसान होत असेल तरच समाजाने हस्तक्षेप करावा, हे तत्त्व आम्ही मोठ्या उत्साहाने समजावत असू. एकदा तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. मुंबईची, बोहरा कुटुंबातली. सात वर्षांची असताना तिच्या बाबतीत काय झाले ते तिने तीन-चार वाक्यांत सांगितले आणि विचारले, "सर, मला काही त्रास नाही. लग्न ठरलंय, तब्येत चांगली आहे. मग माझ्यावर अन्याय झाला की नाही झाला?" आम्ही म्हणालो, हे वैद्यकीय पुराव्यावर अवलंबून आहे, डॉक्टरांना विचारायला हवे. ती "बरं" म्हणाली आणि गेली. ते उत्तर आम्हाला आजही बोचते. तिने नीतीचा प्रश्न विचारला होता आणि आम्ही तिला दवाखान्याचा पत्ता दिला.

बोहरा समाजाबद्दल आता बोलायला हवे, कारण ही गोष्ट दूर आफ्रिकेतली नाही, भेंडीबाजारातली आहे. दाऊदी बोहरा हे इस्माइली शिया. त्यांचा फिकह फातिमी काळातल्या काझी नुमान यांच्या 'दआइम अल-इस्लाम' या ग्रंथावर चालतो, आणि त्या ग्रंथात मुलींच्या खफ्जचा उल्लेख आहे. त्याच फातिमी वारशातले दुसरे इस्माइली, म्हणजे आगाखानांना मानणारे खोजा, यांच्यात मात्र ही प्रथा नाही. एकाच शहरात, एकाच वारशातल्या दोन शाखा. रेहाना घडियाली यांनी १९९१ मध्ये 'मानुषी'त यावर लिहिले तेव्हा बाहेर फारसे कोणाला माहीत नव्हते. पुढे प्रिया गोस्वामी यांचा 'अ पिंच ऑफ स्किन' हा माहितीपट आला, मग मासूमा रानालवी आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया नावानिशी पुढे आल्या. 'सहियो' या संस्थेने ३८५ बोहरा स्त्रियांना विचारले, त्यांतल्या ८० टक्के जणींनी आपली सुंता झाल्याचे सांगितले. ही पाहणी ऑनलाइन होती, स्वेच्छेने उत्तरे देणाऱ्यांची होती. तेव्हा संपूर्ण समाजाचा आकडा म्हणून ती वापरू नये. पण गोष्ट अस्तित्वात आहे एवढे सांगायला ती पुरेशी आहे. हे म्हणायचे कारण, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाला कळवले होते की अशी प्रथा असल्याची अधिकृत आकडेवारी नाही. आकडेवारी कोणी गोळाच केली नाही, तर ती असणार कुठून?

पुढच्या वर्षी महान्यायवादी वेणुगोपाल यांनी याचिकेला पाठिंबा दिला. समोर बोहरा स्त्रियांचीच एक संघटना उभी राहिली. तिचे म्हणणे : आम्ही करतो ते खफ्ज, ते विच्छेदन नव्हे, त्वचेचा अगदी लहानसा भाग, तोही धार्मिक शुद्धतेसाठी, आता प्रशिक्षित डॉक्टर करतात, नुकसान दाखवा. पाहिलेत? पुन्हा तोच शब्द. आणि आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, सगळ्यात हलक्या प्रकारात दीर्घकालीन नुकसान प्रत्येक वेळी दाखवता येईलच असे नाही. काही स्त्रियांना वेदना, भीती, लैंगिक आयुष्यात अडचण जाणवली. काहींना काहीच नाही. न्यायालय आकडे मोजत बसले तर निकाल पाहणीच्या नमुन्यावर ठरेल.

न्यायालयापुढे दुसरा प्रश्न होता की ही धर्माची 'आवश्यक प्रथा' आहे का. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून आपल्याकडे ही कसोटी आहे. ती न्यायाधीशांना काझी आणि शंकराचार्य दोन्ही व्हायला लावते, आणि ते काम त्यांचे नव्हे. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे गेले आणि पुढे शबरीमलाच्या प्रश्नांबरोबर जोडले गेले.

'लहानसा भाग' या युक्तिवादाला विद्वानांनीही हात दिला आहे. इंडोनेशियाच्या आरोग्य खात्याने २००६ मध्ये वैद्यकीय कर्मचाऱ्यांना मनाई केली. २००८ मध्ये तिथल्या उलेमा परिषदेने फतवा काढला की मनाई करणे शरियतविरोधी आहे. २०१० मध्ये खात्याने निर्जंतुक सुईने त्वचेवर ओरखडा कसा काढावा याची नियमावलीच प्रसिद्ध केली, आणि २०१४ मध्ये ती मागे घेतली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही एप्रिल २०१० मध्ये सुचवले होते की प्रतीकात्मक टोचणी करू दिली तर मुली मोठ्या कापणीतून वाचतील. महिन्याभरात गदारोळ झाला आणि त्यांनी शब्द मागे घेतले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ती टोचणी कशाचे प्रतीक? बोहरा स्त्रियांच्या आठवणींत त्या कातडीला 'हराम की बोटी' म्हटलेले आढळते. घडियालींना स्त्रियांनी दिलेल्या कारणांत मुलीची वासना आवरणे हे कारण होते. शुद्धता म्हणा, भूषण म्हणा, त्यामागे कुठेतरी असे गृहीत आहे की या मुलीच्या देहात एक जास्तीची, संशयास्पद गोष्ट आहे आणि तिचा बंदोबस्त मोठ्यांनी वेळेत करायचा आहे. टोचणीचा आकार लहान केला म्हणून हे गृहीत लहान होत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१९ मध्ये बोहरा कुटुंबाच्याच खटल्यात हा प्रश्न आला होता : काही भाग कापून काढलेला दिसत नसेल तर त्याला कायद्याच्या अर्थाने विच्छेदन म्हणायचे का? न्यायालयाने म्हटले, म्हणायचे. टोचण्या-चिरण्यासारखी इजाही त्यात येते. आम्हाला हा निकाल दिशेने बरोबर वाटतो, पण शब्द ताणून मिळवलेला वाटतो. साधे म्हणता आले असते : हा देह तिचा आहे, ती सात वर्षांची आहे, आणि गरज सिद्ध झालेली नाही.

इब्न सुरैज यांच्याकडे परत यायचे ते इथे. त्यांच्या तर्काने ज्याने लज्जास्थान उघडायचे त्याने बंधन दाखवायचे. म्हणजे 'नुकसान दाखवा' असे मुलीला विचारताच येत नाही. 'गरज दाखवा' असे कापणाऱ्याला विचारायचे. हा युक्तिवाद बाहेरून आणलेला नाही, शाफई ग्रंथांच्या पोटातला आहे. आणि तो बदलत्या वैद्यकावर अवलंबून नाही, म्हणून गाद अल-हक यांच्या आक्षेपालाही पुरून उरतो. वैद्यकाने साक्षीला जरूर यावे, पण निकाल त्याच्यावर सोपवू नये.

मग मुलग्यांचे काय? हा प्रश्न येणार, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणा होईल. जर्मनीत कलोन इथल्या न्यायालयाने २०१२ मध्ये मुलग्याच्या धार्मिक सुंतेला शारीरिक इजा ठरवले आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून ती मान्य केली. मुलग्यांच्या बाबतीत शास्त्राधार कितीतरी सबळ आहे, एचआयव्हीच्या संसर्गाबाबत वैद्यकाने काही फायदे नोंदवले आहेत, आणि तिच्यामागे मुलाच्या वासनेवर अविश्वास दाखवण्याची तीच कल्पना नाही. हे फरक खरे आहेत. पण संमतीचा प्रश्न दोन्हीकडे आहे, आणि जो तो फक्त मुलींपुरता विचारतो त्याला समोरचा दुटप्पी म्हणेल तर त्याचे चुकले असे आम्हाला म्हणता येत नाही. आमचे स्वतःचे मत या बाबतीत अजून पुरते ठरलेले नाही.

शेवटी आम्हा मराठी, हिंदू श्रोत्या-वक्त्यांबद्दल. 'त्यांच्यात' असे असते, असा सूर आपल्या बोलण्यात येतो. १८९१ चा संमतिवयाचा कायदा आठवा. दहा-अकरा वर्षांची फुलमणी नवऱ्याच्या संबंधामुळे मेली, स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला, आणि पुण्यात वाद पेटला की गर्भाधान शास्त्रात केव्हा सांगितले आहे. रा. गो. भांडारकरांनी शास्त्राधार काढून दाखवले की कायद्याने धर्म बुडत नाही. टिळकांनी परक्या सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला. एका बाजूला ग्रंथ, दुसऱ्या बाजूला डॉक्टर, आणि वय दहावरून बारा झाले. तेव्हाही प्रौढ पुरुष एकमेकांशी बोलत होते. रखमाबाईंसारखी एखादी बाई स्वतः बोलली तर तिच्यावर खटला होता.

आज निदान एवढे झाले आहे की मासूमा रानालवी बोलतात आणि त्यांच्या विरोधात बोलणाऱ्याही त्याच समाजातल्या स्त्रिया आहेत.

आता प्रश्न घेऊ. मागच्या वेळी पहिला प्रश्न विचारायला कोणीच पुढे येईना, आज तसे करू नका. आणि वैद्यकीय तपशिलाचे प्रश्न कृपया समोर बसलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारा. आम्ही एकदा चुकीच्या ठिकाणी पाठवले आहे, ते पुन्हा नको.